खुनी कोण ते विसरतो, पण मालिका विसरत नाही. असे का होते?

राजारामपुरी आठवी गल्ली यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र शनिवारी रात्रीची जेवणे आटोपल्यावर एकाच्या घरी जमतो आणि खासगी गुप्तहेरांच्या जुन्या मालिका पाहतो. सध्या 'पीटर गन' चालू आहे. १९५८ ते १९६१ या काळात अमेरिकेत दाखवली गेलेली ही कृष्णधवल मालिका ब्लेक एडवर्ड्स यांची निर्मिती आहे; क्रेग स्टीव्हन्स नायकाच्या भूमिकेत आहेत आणि संगीत हेन्री मॅन्सिनी यांचे आहे. गेल्या शनिवारी यजमानांचा भाचा आमच्यात येऊन बसला. तो शिवाजी विद्यापीठात शिकतो आणि हल्लीच्या गुंतागुंतीच्या गुन्हेमालिका भरपूर पाहतो. दोन भाग संपल्यावर त्याने शांतपणे विचारले, "खुनी कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळते, पुरावे जवळजवळ नसतातच, नायक चार माणसांना भेटतो, एकाचा मार खातो, क्लबात जाऊन गाणे ऐकतो आणि शेवटी गोळी चालते. यात तुम्ही पाहता तरी काय?"

आक्षेप खोटा नाही. मलाही पाहिलेल्या भागांपैकी बहुतेकांतील गुन्हेगार आता आठवत नाही. पण 'मदर्स' नावाचा तो जॅझ क्लब, तेथे गाणारी नायकाची मैत्रीण ईडी, बंदराच्या बाजूचा ओला रस्ता आणि पोलीस लेफ्टनंट जेकोबीचा कंटाळलेला चेहरा हे सगळे लख्ख आठवते, आणि तोच भाग पुन्हा लावला तरी कंटाळा येत नाही.

यावर सुचणारे पहिले उत्तर स्मरणरंजनाचे आहे, पण ते आम्हाला लागू पडत नाही. ती मालिका सुरू झाली तेव्हा आमच्यापैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता, आमचे कुणी अमेरिकेत वाढले नाही, आणि तसला क्लब पंचगंगेच्या काठी कधी नव्हता. जे जगलोच नाही त्याची हुरहूर कशी लागेल? दुसरे उत्तर 'कपडे छान, मोटारी छान' असे दिले जाते, परंतु नुसते छान कपडे आणि मोटारी पाहायच्या असतील तर जाहिराती पुरतात.

तेव्हा प्रश्न असा की या मालिकांत देखणेपणा, ढब, शैली, जे काही म्हणाल ते, नेमके कोणते काम करते? ते कथेवर केलेले नक्षीकाम आहे की कथेचाच भाग आहे? शक्यतो एखाद्या मालिकेतील प्रत्यक्ष उदाहरण घेऊन उत्तर द्यावे. 'ती मजा आता राहिली नाही' एवढ्यावर थांबू नये, ही विनंती. पुढे कोणती मालिका लावावी हेही सुचवावे.

जलरंग यांचा प्रतिसाद

मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर डोळ्यांपासून सुरू होते.

'पीटर गन'चा एक भाग जाहिराती वगळल्यास पंचवीस-सव्वीस मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात गुन्हा घडायचा, अशील यायचे, पोलिसांशी खटका उडायचा, दोन-तीन संशयित उभे राहायचे, गाणे व्हायचे आणि निकाल लागायचा. प्रत्येक पात्राची ओळख संवादांतून करून द्यायची म्हटली तर भाग ओळखपाळखीतच संपून जाईल. म्हणून ते काम खोलीवर, दिव्यावर, कोटाच्या शिवणीवर आणि माणूस दारातून कसा आत येतो यावर सोपवलेले असते. बरेचसे भाग श्रेयनामावलीच्या आधीच गुन्हा दाखवून सुरू होतात आणि त्या दृश्यात फारसे कुणी बोलत नाही. एक मोटार थांबते, सावली भिंतीवरून सरकते, कुणीतरी दार उघडतो. त्या मिनिटभरात तुम्हाला कळलेले असते की मारणारा सराईत आहे, मरणाऱ्याला त्याची अपेक्षा नव्हती आणि हा भाग शहराच्या कोणत्या थरात घडणार आहे. आपण जिला शैली म्हणतो ती येथे मुळात काटकसर आहे.

ही काटकसर पैशाचीही होती. दर आठवड्याला नवा भाग उभा करायचा, तेव्हा मोठे नेपथ्य परवडत नाही. जेथे प्रकाश पडत नाही तेथे भिंत बांधावी लागत नाही. एक टेबल, त्यावर एक दिवा आणि मागे खिडकीच्या पट्ट्यांची सावली एवढ्यावर कचेरी उभी राहते. शिवाय त्या काळचा दूरचित्रवाणी संच लहान आणि त्यावरील चित्र धूसर. बारीक तपशील त्यात हरवून जात, मात्र काळ्या-पांढऱ्याचा ठसठशीत विरोध आणि जवळून घेतलेला चेहरा टिकून राही. म्हणजे आज आपण ज्याला देखणेपण म्हणतो, त्यातील बराच भाग अडचणीतून काढलेल्या वाटेचा आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे अपरिचित वाटू नये. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या हातांनीच येथे सिनेमा उभा केला. बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्याच तालमीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हे पुढे १९२९ साली येथेच स्थापन झालेल्या 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी झाले. पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते: प्रेक्षकाला सगळा राजवाडा दाखवायचा नसतो, दोन खांब नीट रंगवले की उरलेला तो स्वतःच बांधतो. मी विद्यार्थ्यांना कधी कधी या मालिकेतील एखादे दृश्य थांबवून दाखवतो आणि फक्त काळ्या जागा रेखाटायला सांगतो. चित्रातील अर्ध्याहून अधिक जागा काळी निघाली की वर्गात आश्चर्याची कुजबुज होते.

शिवाजीपेठकर यांचा प्रतिसाद

जलरंग सरांचे विवेचन वाचून आनंद झाला, पण थोडे जमिनीवर येऊया. या मालिका कारखान्यात निघत होत्या. '७७ सनसेट स्ट्रिप' ही १९५८ ते १९६४ या काळातील मालिका घ्या. लॉस एंजेलिसच्या झगमगाटी रस्त्यावर दोन देखणे गुप्तहेर, शेजारच्या उपाहारगृहात गाड्या लावणारा आणि सतत भांगातून कंगवा फिरवणारा कुकी, वर चुटक्या वाजवणारे शीर्षकगीत. वॉर्नर ब्रदर्सने हाच साचा उचलून हवाई बेटांवर आणि मायामीला तशाच मालिका काढल्या. १९६० साली लेखकांचा संप झाला तेव्हा तर त्यांनी आपल्याच जुन्या पटकथा काढून एका मालिकेतील कथा दुसरीत, काउबॉयची गुप्तहेराला, अशा फिरवून वापरल्या आणि लेखक म्हणून 'डब्ल्यू. हर्मानोस' हे नाव लावले. स्पॅनिश भाषेत हर्मानोस म्हणजे भाऊ. ब्रदर्सनी लेखकाचे नावही घरातलेच घेतले.

जेथे घोड्यावरची कथा मोटारीवर चढवली तरी काही बिघडत नाही, तेथे भाच्याचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे.

राजारामपुरी आठवी गल्ली

शिवाजीपेठकर, आपण दिलेला दाखला माझ्या प्रश्नाला बळच देतो. कथा इतकी सहज इकडची तिकडे जात होती, आणि तरीही प्रेक्षकाला कुकी आठवतो, सनसेट स्ट्रिप आठवतो, तर माणसे कथेसाठी येत नव्हती हे उघड आहे. ती कशासाठी येत होती, एवढेच शोधायचे आहे. हा कारखाना होता हे मान्य. पण कारखान्यातून निघालेला सगळाच माल सारखा टिकलेला नाही.

षड्जपंचम यांचा प्रतिसाद

कानांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. 'पीटर गन'चे शीर्षकसंगीत लक्ष देऊन ऐका. गिटार आणि पियानो मिळून खालच्या पट्टीत एक छोटी स्वराकृती वाजवत राहतात आणि ती शेवटपर्यंत जागची हलत नाही. तिच्या माथ्यावर पितळी वाद्ये येतात, ओरडतात, निघून जातात. कोल्हापूरच्या देवल क्लबात तबल्याचे एकलवादन ऐकलेल्याला हे लगेच उमगेल: पेटीवरचा लेहरा तसाच फिरत राहतो आणि म्हणूनच त्यावर चाललेली धुमश्चक्री कळते. मालिकेचा नायक त्या लेहऱ्यासारखा आहे. भोवती कितीही आरडाओरडा झाला तरी त्याची लय बदलत नाही. (त्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानो वाजवणारे तरुण वादक जॉन विल्यम्स होते. पुढे ते हॉलिवूडचे केवढे मोठे संगीतकार झाले, हे सांगायला नको.)

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तोवर पडद्यावर भीती दाखवायची म्हणजे व्हायोलिनांचा मोठा ताफा लावायचा, अशी सवय होती. मॅन्सिनी यांनी मोजक्या वादकांचा ताफा घेतला. पाठलाग असो वा नुसती वाट पाहणे, नुसता चालता खर्ज आणि ड्रमवर हलकी झाडणी एवढ्यावर त्यांनी ताण उभा केला. आणि ईडी क्लबात गाते तेव्हा मागे वाजणारी वाद्ये त्याच जातीची असतात. त्यामुळे कथेचे संगीत आणि कथेतील शहराचे संगीत वेगळे राहत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या मागे जो ठेका आहे तो क्लबाच्या दारातून बाहेर झिरपल्यासारखा वाटतो. प्रश्नकर्त्यांना तो ओला रस्ता लख्ख आठवतो याचे अर्धे श्रेय मी कानाला देईन.

या संगीताच्या ध्वनिमुद्रिकेला १९५९ साली, पहिल्याच ग्रॅमी समारंभात, वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. गंमत म्हणजे मॅन्सिनी यांची तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओतील नोकरी सुटली होती. स्टुडिओच्या आवारातील केशकर्तनालयातून बाहेर पडताना त्यांना एडवर्ड्स भेटले आणि त्या भेटीतून हे काम मिळाले.

पुढे काय लावावे म्हणाल तर 'मॅनिक्स' लावा. १९६७ ते १९७५. लालो शिफ्रिन यांनी मारामारीच्या मालिकेला तीन मात्रांचे, दादऱ्याच्या अंगाने झुलणारे शीर्षकसंगीत दिले आहे आणि पडदा चौकटी-चौकटींत फुटत जातो. पळणारा, पडणारा, पुन्हा उठणारा माणूस त्या झोक्यावर पाहण्यात वेगळीच मौज आहे.

वाचनमंदिर सभासद यांचा प्रतिसाद

सर्व प्रतिसाद आवडले, परंतु आतापर्यंत ज्या ढबीचे कौतुक झाले ती सगळी पुरुषांची आहे, हे कुणाच्या ध्यानात आले का? ईडी उत्तम गाते, स्वतः कमावते, बोलण्यातही गनला हार जात नाही. लोला ऑलब्राइट यांनी तिला सुंदर उभे केले आहे. पण भाग संपता संपता ती बहुधा वाटच पाहत असते.

एडवर्ड्स यांचीच आधीची निर्मिती पाहा. 'रिचर्ड डायमंड' १९४९ साली रेडिओवर सुरू झाला आणि १९५७ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. त्यात नायकाचे निरोप घेणारी सॅम नावाची टेलिफोन ऑपरेटर होती. प्रेक्षकांना तिचे पाय दिसत आणि आवाज ऐकू येई. चेहरा मुद्दाम सावलीत ठेवलेला असे. १९५९ मध्ये ही भूमिका करणाऱ्या मेरी टायलर मूर यांचे नाव श्रेयनामावलीतही नव्हते. जलरंग सर, सावली नेहमीच काटकसर म्हणून पडत नाही. कधी कधी तिच्याआड माणूस झाकला जातो. याच बाई १९७० पासून एका वृत्तकचेरीत काम करणाऱ्या अविवाहित स्त्रीच्या भूमिकेत स्वतःच्या नावाच्या मालिकेच्या नायिका झाल्या, याचा मला फार आनंद वाटतो.

'मॅनिक्स'मध्ये थोडी हालचाल झाली. गेल फिशर यांची पेगी फेअर ही पोलिसाची विधवा, लहान मुलाची आई आणि कचेरी चालवणारी कर्ती बाई आहे. या भूमिकेसाठी १९७० मध्ये त्यांना एमी पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

पण मूळ प्रश्नाला थेट भिडणारी मालिका माझ्या मते 'रेमिंग्टन स्टील' ही आहे, १९८२ ते १९८७. लॉरा होल्ट ही प्रशिक्षित, हुशार गुप्तहेर. स्वतःच्या नावाने कचेरी उघडते तर अशील फिरकत नाहीत. मग ती एक बडा साहेब कल्पनेतच निर्माण करते, त्याचे भारदस्त नाव दारावर लावते, आणि कामांची रीघ लागते. पुढे एक देखणा भामटा येऊन ते नावच बळकावतो (हे पिअर्स ब्रॉस्नन). म्हणजे गुन्ह्याचा छडा लावणारी बाई वेगळी आणि गुप्तहेरासारखा दिसणारा पुरुष वेगळा. सूट, हसू, दार उघडून धरण्याची अदब हे सगळे त्याच्याकडे, डोके तिच्याकडे. पंचवीस वर्षे ज्या रुबाबाला लोक भुलत होते तो किती पोकळ असू शकतो, हे त्याच रुबाबाचा पुरेपूर आनंद देत दाखवणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. आपल्या शनिवारच्या बैठकीत स्त्रिया येत नसतील तर या मालिकेपासून त्यांना बोलवावे, असे सुचवते.

बावड्याचा वकील यांचा प्रतिसाद

ताईंनी लॉरा होल्टचा दाखला दिला, तेथूनच माझा मुद्दा पुढे नेतो, कारण माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट तेथे आहे. अशील दारावरचे नाव पाहून आत येतो. का? कारण खासगी गुप्तहेराजवळ दाखवायला दुसरे काही नसते.

कायद्याच्या बाजूने विचार करा. पोलीस अधिकारी दार ठोठावतो तेव्हा त्याच्यामागे राज्यसंस्था उभी असते. तो समन्स देऊ शकतो, झडती घेऊ शकतो, अटक करू शकतो. खासगी माणसाला यातले काहीही करता येत नाही. कॅलिफोर्नियात त्याला परवाना लागतो, आणि तो परवानाही पुष्कळदा त्याच्या गळ्यातला फासच ठरतो, कारण पोलीस जरा चिडले की 'परवाना रद्द करवू' ही धमकी तयार असते. आपल्याकडे तर या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदाच झाला नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले होते, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. आपल्या शहरांतून अशा संस्थांकडे येणारी कामे बहुधा लग्नाआधीच्या चौकशीची असतात, आणि चौकशीला गेलेल्या माणसाला समोरच्याने 'तू कोण विचारणारा?' म्हटले की त्याला मुकाट्याने परतावे लागते.

आता 'रॉकफर्ड फाइल्स' पाहा (१९७४ ते १९८०). जेम्स गार्नर यांचा जिम रॉकफर्ड मालिबूच्या समुद्रकिनारी एका जुनाट ट्रेलरमध्ये राहतो. न केलेल्या गुन्ह्यासाठी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात राहून माफीवर सुटलेला. दिवसाला दोनशे डॉलर अधिक खर्च हा त्याचा दर, जो त्याला क्वचितच पुरता मिळतो. पिस्तूल बिस्किटांच्या डब्यात पडलेले असते. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याच्या फोनच्या यंत्रावर नवा निरोप वाजतो आणि त्यात कुणीतरी पैसे मागत असतो किंवा द्यायचे टाळत असतो. पीटर गनचे बेतीव सूट येथे नाहीत. तरी मी याला शैलीदार मालिकांच्या पहिल्या रांगेत बसवतो, आणि त्याचे कारण त्याच्या मोटारीत ठेवलेले छपाईचे छोटे यंत्र हे आहे. एखाद्या कचेरीत शिरायचे असले की रॉकफर्ड बाहेर गाडीत बसून हवे ते व्हिजिटिंग कार्ड छापतो, टाय सारखा करतो, चेहऱ्यावर थोडा वैतागलेला सरकारी भाव आणतो आणि विमा कंपनीचा माणूस होऊन आत जातो. समोरचा माणूस बोलू लागतो, कारण त्याला ती ढब खरी वाटते.

म्हणून माझे उत्तर असे: खासगी गुप्तहेराच्या कथेत शैली हे त्याच्या कामाचे हत्यार आहे. कपडे, बोलणे, शांतपणा, योग्य वेळी मारलेला टोमणा यांच्या जोरावरच त्याला बंद दारे उघडावी लागतात. पोलिसांच्या मालिकेत नायक गबाळा असला तरी बिल्ला त्याचे काम करतो. येथे बिल्ला नाही. आपण जे पाहत बसतो ते खुनाचे कोडे फारच थोड्या वेळा असते. निःशस्त्र, निरधिकार माणूस नुसत्या वागण्यावर कुठवर जाऊ शकतो हे आपण पाहत असतो, आणि ते दुसऱ्यांदा पाहतानाही तेवढेच रंगते, कारण त्यात लपवलेले उत्तर असे काही नसतेच.

'मॅनिक्स'च्या निर्मात्यांनाही हे एक वर्ष गेल्यावर उमगले असावे. पहिल्या वर्षी नायक जो मॅनिक्स हा संगणक बाळगणाऱ्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला दाखवला होता. दुसऱ्या वर्षी कंपनी आणि संगणक दोन्ही गेले आणि तो स्वतंत्र झाला. यंत्राने उत्तर दिले तर माणसाच्या ढबीला काम उरत नाही.

पन्हाळा पायथा यांचा प्रतिसाद

वकीलसाहेबांचा मुद्दा पटला. त्यात एक फरक जोडतो. आपण 'जुन्या' मालिका म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतो. 'पीटर गन', 'मॅनिक्स', 'रॉकफर्ड' या त्यांच्या काळाच्या वर्तमानातल्या मालिका होत्या. त्यांतील टेलिफोन, टोपी, मोटार ही त्या दिवशी रस्त्यावर होती म्हणून चौकटीत आली. त्यांना आपण पुढे 'जुने' होणार आहोत याची जाणीव नाही. याउलट अगाथा ख्रिस्ती यांच्या गुप्तहेरावरची, डेव्हिड सुशे यांची 'प्वारो' मालिका (१९८९ ते २०१३, एकूण ७० भाग) जुनेपण विचारपूर्वक रचते. मूळ कथा १९२० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत पसरलेल्या आहेत, पण मालिकेने त्यांतील बहुतेकांना १९३० च्या दशकात आणून बसवले. प्वारोचे घर म्हणून दिसणारी लंडनची फ्लोरिन कोर्ट ही इमारत १९३६ ची आहे. तिच्या वळणदार दर्शनी भागापासून टेबलावरच्या अंड्यांपर्यंत सगळे निवडून ठेवलेले. ते पाहताना डोळे सुखावतात, पण कधी कधी वस्तुसंग्रहालयात हात मागे बांधून फिरल्यासारखे वाटते. सुशे यांचा अभिनय नसता तर मी दहा भागांनंतर थांबलो असतो. ते आखूड, टोकदार पावलांनी चालत आले की इमारत आपोआप मागे पडते.

या दोहोंच्या मध्ये आपली 'ब्योमकेश बक्षी' आहे. १९९३ साली बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित, आणि त्याची पत्नी सत्यवती हिच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. काळ जुन्या कोलकात्याचा, म्हणजे रचलेलाच, पण खर्च बेताचा. त्यामुळे तिने भव्य रस्ते उभारायच्या फंदात न पडता खोल्यांत, जिन्यांवर, चहाच्या पेल्यांभोवती कथा सांगितली. वकीलसाहेबांची कसोटी येथे लावून पाहा. धोतर-सदऱ्यातला हा सभ्य माणूस कुणाच्याही दिवाणखान्यात जाऊन बसू शकतो, कारण तो त्या घरातला पाहुणाच वाटतो. पांढरपेशा घरांतील पाप पोलिसांना दिसण्याआधी त्याला दिसते, ते त्याच्या या वेशामुळे आणि समोरच्याला बोलू देण्याच्या सवयीमुळे. अमेरिकी गुप्तहेर घरात नकोसा असतो, ब्योमकेशला चहा विचारला जातो. त्यातही तो संसारी आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. एकटेपणाचा रुबाब न मिरवताही गुप्तहेर आकर्षक होऊ शकतो, हे या मालिकेने दाखवले.

भाच्याला आधी हीच मालिका दाखवा. कोडेही चांगले आहे, त्यामुळे त्याची तक्रार निम्मी होईल.

राजारामपुरी आठवी गल्ली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. पुढच्या शनिवारी 'ब्योमकेश', त्यानंतर 'रॉकफर्ड' आणि मग 'रेमिंग्टन स्टील' असे ठरवत आहोत; ताईंच्या सूचनेप्रमाणे घरच्या मंडळींनाही निमंत्रण जाईल.

वकीलसाहेबांना मात्र एक शंका विचारतो. आपला सिद्धांत रॉकफर्डला चपखल बसतो, परंतु पीटर गनचे काय? लेफ्टनंट जेकोबी त्याचा मित्र आहे, गुन्ह्याच्या जागी त्याला सर्रास येऊ देतो, माहितीही देतो. त्याच्याजवळ बिल्ला नसला तरी बिल्लेवाला मित्र आहे. मग त्याला त्या सुटाची आणि त्या शांतपणाची गरज काय?

बावड्याचा वकील

शंका रास्त आहे. उत्तर गनच्या खबऱ्यांमध्ये सापडेल. जवळजवळ प्रत्येक भागात तो कुणा ना कुणा विक्षिप्त खबऱ्याकडे जातो. बिली बार्टी यांनी केलेला बॅबी आठवा: बुटका, पूलच्या टेबलावर पैसे लावणारा, स्वतःच्या हुशारीवर खूश. तो जेकोबीला एक अक्षर सांगणार नाही. गनला सांगतो, कारण गन नोट काढताना त्याच्याकडे वरून पाहत नाही; उमराव अशिलाशी ज्या स्वरात बोलतो त्याच स्वरात बॅबीशी बोलतो. जेकोबीच्या मैत्रीने त्याला प्रेताजवळ उभे राहता येते, पण जिवंत माणसे त्याच्याशी बोलतात ती या एकसारख्या वागण्यामुळे. बॅबीचा एखादा भाग पुन्हा लावून फक्त हेच संभाषण ऐका, आणि गन कुठे आवाज चढवतो का ते मला कळवा.

शिवाजीपेठकर

माझे मत पूर्ण बदललेले नाही, हे नोंदवून ठेवतो. तरी शनिवारी येतो. 'ब्योमकेश'च्या आधी 'करमचंद'चा एखादा भाग लावण्याची कृपा करावी. १९८५ साली गाजर खात आणि काळा चष्मा लावून पंकज कपूर यांनी याच सगळ्या ढबीची जी टर उडवली, ती पाहिल्याशिवाय ही चर्चा मला एकतर्फी वाटते.